मधला स्विच

गँडरच्या पुढे महामार्ग सोडून खाली उतरलं
की ही खडीची जुनी खाण.
सुट्टीला आम्ही इथे येतो. बाहेरचे हसतात,
समुद्र टाकून खड्ड्यात कोण राहतं?
पण कडेच्या ढिगांनी वारा अडतो,
आणि वारा अडला की न्यूफाउंडलंडमध्ये
अर्धा उन्हाळा तरी हाती लागतो.

वडिलांचा ट्रेलर दोघांच्या नावावर.
जुलै माझा, ऑगस्ट एल्डनचा.
वकिलाने तसं लिहून दिलं
आणि अकरा वर्षं आम्ही ते इतकं काटेकोर पाळलं
की एकमेकांची पाठसुद्धा दिसली नाही.

गेल्या वर्षी मी इन्व्हर्टर बसवला.
जनरेटरचा घणघणाट ऐकत
मला म्हातारं व्हायचं नव्हतं.
दोन हजार वॅट, पलंगाखाली,
बॅटरीपासून हातभर अंतरावर,
कारण बारा व्होल्टला लांबचा प्रवास झेपत नाही,
वाटेतच दमतो, तार तापवतो.
तार अंगठ्याएवढी जाड. टोकं दाबताना
खांद्यातून कळ गेली.
फ्यूज बॅटरीला अगदी खेटून.
फेरीबोटीवर तीस वर्षं वायरमन होतो,
आग कुठून निघते ते मला कुणी शिकवू नये.

मग ट्रान्सफर स्विच.
इकडून जनरेटर, तिकडून बॅटरी,
पुढे एकच घर: दिवा, किटली, रेडिओ.
एक आत आला की दुसरा बाहेर.
एका तारेवर दोघे क्षणभर जरी भेटले
तरी काहीतरी जळतं.
आणि न्यूट्रल-अर्थची गाठ
एका वेळी एकाच ठिकाणी.
दोन ठिकाणी मारली तर वीज
नको त्या वाटेने घरी परतते,
पत्र्यातून, दाराच्या मुठीतून.
आई होती तोवर आमचीही गाठ एकाच ठिकाणी होती.
असो. मी तारांबद्दल बोलतोय.

जनरेटरची केबल उपटून पाहिली.
टक्.
रेडिओवरचा माणूस हवामान सांगत होता,
त्याचं अक्षरही अडखळलं नाही.
चावी दगडाखाली ठेवून मी घरी गेलो.

या जुलैत पॅनेल उघडलं,
तर झाकणाच्या आत पांढऱ्या टेपवर
एल्डनचं किरटं अक्षर:
चार्जर इन्व्हर्टरवरच ठेवलास, गाढवा.
बॅटरी रात्रभर स्वतःलाच भरवत बसली,
सकाळी उपाशी.

खरं होतं.
बॅटरी इन्व्हर्टरला देते, इन्व्हर्टर चार्जरला,
चार्जर पुन्हा बॅटरीला,
या तांब्यातलं त्या तांब्यात,
आणि दर खेपेला थोडं सांडतंय.
तीस वर्षांचा वायरमन!

त्याने चार्जर उचलून स्विचच्या अलीकडे,
जनरेटरच्या बाजूला नेला होता.
जोड चोख, वर आवळलेली नळी,
एकही तार ताणलेली नाही.
जन्मभर मासळीच्या कारखान्यात कॉड चिरणारा हा,
हे कुठे शिकला?
टेपच्या खाली एक जादा फ्यूज चिकटवलेला,
मी घातलेल्याच मापाचा.
मी तो काढला, पाहिला,
होता तिथेच परत चिकटवला.

आज पहिला ऑगस्ट.
सामान दुपारीच गाडीत भरलंय.
दोनदा बाहेर जाऊन टायर पाहून आलो,
टायर ठीक आहेत. मग किटली ठेवली.

या स्विचची एक सवय सांगायची राहिली.
जनरेटर सुरू झाला म्हणून तो लगेच उडी मारत नाही.
दहाएक सेकंद थांबतो,
समोरचा दाब स्थिर आहे का बघतो,
मग बाजू बदलतो.

खाणीच्या तोंडाशी पिकअपचे दिवे वळले.
खडी चुरचुरतेय.
सात, मी मोजतोय. आठ.
कप दोन आहेत का
ते बघायचंच राहिलं.